मुलांना घेऊन वारीत: ऐकीव सल्ला आणि खरी वाट

जून उजाडला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो: मुलांना वारीत चालवायचंय, कुठला टप्पा घ्यावा? उत्तरही ठरलेलं असतं. ‘पुणे ते सासवड करा, सगळे तेच करतात.’ सात-आठ वर्षांच्या मुलासाठी याहून चुकीचा सल्ला सापडणार नाही.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण 250 किलोमीटर. त्यातला सर्वांत मोठा टप्पा पुणे-सासवड हाच, 30 किलोमीटरच्या वर. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पहाटे निघते. हडपसर मागे टाकून वडकीला पोचेपर्यंत दुपार होते आणि दिवे घाटाचा चढ त्यानंतर सुरू होतो. त्यात ज्येष्ठ वद्य अष्टमीचं प्रस्थान आणि पुण्यातला मुक्काम धरला, तर हा दिवस बहुधा एकादशीचा येतो. म्हणजे सर्वांत लांबची चाल उपवासाच्या दिवशी. मोठी माणसं राजगिऱ्याच्या लाडवावर आणि केळ्यावर निभावून नेतात. पोराला मात्र घरून दोन वेळची पोळीभाजी बांधून न्या, त्यात काही पाप नाही. शिवाय घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो. मूल अर्ध्या चढावर बसलं तर रिक्षा मिळणार नाही आणि सासवडहून परतायचं तर बोपदेव घाटाने वळसा घ्यावा लागतो.

मग लहानांनी चालायचं कुठे? विश्रांतवाडीपासून संगमवाडीपर्यंत चाला. सासवडला मुक्कामी जाऊन जेजुरीचा टप्पा घ्या, तो पुणे-सासवडच्या जवळपास निम्माच आहे. किंवा तुकोबांच्या पालखीबरोबर लोणी काळभोरच्या रस्त्याने जा. तो सोलापूर रस्ता आहे, सपाट, घाट नाही.

‘सबंध चाललात तरच वारी’ असंही ऐकवलं जातं. आषाढी एकादशी जूनअखेर ते जुलैअखेर कधीही येते आणि तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात. अडीच-तीन आठवडे शाळा बुडवणं बहुतेक घरांना जमत नाही. म्हणून यंदा एक टप्पा, पुढच्या वर्षी त्यापुढचा, असं चालणारी कितीतरी कुटुंबं आहेत. युरोपातही हेच चालतं. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर गावापासून पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रा जवळजवळ 780 किलोमीटरची आहे. तिथेही देशाची सीमा ओलांडायचा पहिलाच दिवस सर्वांत चढाचा, म्हणून मुलांबरोबरचे लोक बऱ्याचदा आठेक किलोमीटरवरच्या ओरिसाँ या मुक्कामी तो तोडतात. पुरी वाट अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी पूर्ण करणाऱ्यांना तिथे कोणी कमी लेखत नाही. आपणही लेखू नये.

सीमा ओलांडणारे आपल्याकडेही आहेत. माउलींच्या सोहळ्यातले अश्व दरवर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, पायी आळंदीला येतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला आजची शिस्त दिली, तेव्हापासूनचा हा मान आहे. रिंगण दाखवताना मुलांना हे जरूर सांगा.

‘कुठल्याही दिंडीत घुसा, जेवण फुकट असतं’ हा गैरसमज तर दिंडीवाल्यांना फार त्रास देतो. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, चालक असतो, विणेकरी असतो. चालणारे भिशी भरतात, त्यातून शिधा, तंबू, पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक यांचा खर्च निघतो. आधी विचारून, नाव नोंदवून गेलात तर मुलाचं दप्तराएवढं ओझंही ट्रकमध्ये जातं.

हरवण्याची भीती मात्र खरी आहे. मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर आणि गळ्यातल्या कार्डावर दिंडी क्रमांक हवाच, कारण गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. संध्याकाळच्या समाज आरतीत चोपदार हातातला चोप वर करतो, हजारो टाळ थांबतात आणि हरवल्या-सापडल्याची पुकार होते. ती शांतता मुलांनी एकदा अनुभवावी.

आणखी एक समज हळुवारपणे दूर करायला हवा: वारीत भेदाभेद कधी नव्हताच. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’ या पुस्तकातल्या ‘वाटचाल’ या लेखात लिहिलं आहे की एकाच दिंडीत भजन एकत्र होई, पण ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसत. मुलं विचारतील तेव्हा हे लपवू नये. पंगती कशा बदलत गेल्या, हे सांगण्याजोगी जागा वारीहून दुसरी नाही.

बुटांबद्दल एवढंच: वारीसाठी नवे बूट घेऊ नका. पावसात भिजलेल्या नव्या बुटाने पहिल्या दहा किलोमीटरांतच फोड येतात. सवयीचे जुने बूट, दोन जोड कोरडे मोजे आणि खोबरेल तेलाची बाटली पुरते.

यंदा जायचं मनात असेल, तर मे महिन्यातच एखाद्या दिंडीचालकाशी बोलून ठेवा आणि एका रविवारी मुलासोबत दहा किलोमीटर चालून बघा. टप्पा त्यानंतर ठरवा.