मूळ कागद आता हाताशी आहेत

राज्यशास्त्राच्या पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकास एक अनुभव सहसा चुकत नाही. राज्य पुनर्रचनेवरील प्रश्नाला पन्नास विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या उत्तरांत तेच चार मुद्दे त्याच क्रमाने येतात आणि एखादे चुकीचे सनही सर्वत्र इमानाने उतरलेले आढळते. पूर्वी हा पराक्रम सीताबर्डीवर मिळणाऱ्या गाईडांचा होता. आता गाईडचे पान छायाचित्ररूपाने मोबाइलवर फिरते, एवढाच फरक. महाजालामुळे शिक्षणात क्रांती झाली असे जे म्हटले जाते, त्यातील पुष्कळशी क्रांती ही अशी, झेरॉक्सचा खर्च वाचविणारी आहे.

परंतु त्याच मोबाइलवर दुसरेही काही उपलब्ध झाले आहे, आणि त्याकडे आपल्या अभ्यास मंडळांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. विदर्भाचाच प्रश्न घ्या. नागपूरच्या विद्यार्थ्याला हा विषय घरच्या ओट्यावर ऐकून ठाऊक असतो. तथापि फाजल अली आयोगाने विदर्भाविषयी नेमके काय म्हटले, हे त्याला विचारले तर ‘वेगळ्या राज्याची शिफारस केली’ या एका वाक्यापलीकडे तो जात नाही. न्या. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर या तिघांचा हा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये सादर झाला. त्यात विदर्भासाठी स्वतंत्र विवेचन आहे आणि मराठी भाषक जिल्हे वेगळे ठेवण्याची कारणेही दिली आहेत. एके काळी हा अहवाल पाहावयाचा तर मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून पाहावा लागे. काटोल किंवा कुहीच्या महाविद्यालयातील मुलाने त्यासाठी नागपूरला खेपा घालाव्यात, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होते. आज संपूर्ण अहवाल विनामूल्य उघडून वाचता येतो.

त्याच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषिक राज्यांवरील १९५५ चे पुस्तक ठेवावे. एका राज्याची भाषा एक असावी हे त्यांना मान्य होते. पण एका भाषेचे राज्यही एकच असले पाहिजे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. म्हणूनच मराठी भाषकांची चार राज्ये व्हावीत असे त्यांनी सुचविले. हे पुस्तक महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध करावयास घेतलेल्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात आहे. त्या मालेचे संपादन ज्यांनी आरंभिले ते वसंत मून नागपूरचेच. पुढे हे खंड बाजारात मिळेनासे झाले आणि छपाई रखडल्याची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतः होऊन घ्यावी लागली. दीक्षाभूमीवर दरवर्षी ग्रंथांसाठी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दुर्भिक्ष्याची बोच निराळी सांगावयास नको. छापील प्रतीची उणीव महाजालावरील प्रत संपूर्ण भरून काढीत नाही, पण विद्यार्थ्याचे काम अडू देत नाही. तिसरा कागद २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचा. तो अवघ्या अकरा कलमांचा आहे. हे तीन कागद समोर ठेवून १९६० चा महाराष्ट्र कोणत्या वचनांवर उभा राहिला, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहावे. त्याचा निष्कर्ष विदर्भवादी निघो वा अखंड महाराष्ट्राचा. तो त्याचा स्वतःचा असेल.

संविधान सभेच्या चर्चांचे तेच. डिसेंबर १९४६ ते जानेवारी १९५० या काळातील कामकाजाचे बारा खंड आज कोणालाही पाहता येतात. त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद भेटतात: शेतकऱ्याच्या बाजूने मसुद्याकडे पाहणारे पंजाबराव देशमुख, दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या मांडणारे ह. वि. कामत, आणि नागपूरचे हेमचंद्र खांडेकर. मनूच्या कायद्याच्या जागी आता महाराचा कायदा येत आहे, अशा आशयाचे उद्गार खांडेकरांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये याच सभागृहात काढले. पाठ्यपुस्तकांत हे नाव क्वचितच येते. शिवाय बाबासाहेबांच्या, नेहरूंच्या वा पटेलांच्या तोंडी घातलेली भलतीच वाक्ये रोज मोबाइलवर येत असतात. मूळ चर्चा उघडून ती ताडून पाहण्याची सवय बी.ए.च्या वर्गात लागली नाही, तर मग ती कोठे लागावयाची?

येथे भाषेची अडचण उभी राहते, आणि ती खरी आहे. संविधान मराठीत आहे, मराठी विश्वकोशाचे खंडही महाजालावर आले आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय मराठीत मिळू लागले आहेत. परंतु आयोगाचा अहवाल आणि आंबेडकरांचा मूळ खंड इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे शंभर पाने इंग्रजी टाकून ‘सर्व काही उपलब्ध आहे’ असे सांगणे ही शुद्ध थट्टा होय. तेथे प्राध्यापकच लागतो. तो नेमकी चार पाने निवडील, अवघड परिच्छेद वर्गात फोडून सांगेल आणि फलकावर मराठी प्रतिशब्द लिहील.

आणि प्राध्यापक लागतो म्हटले, की गाडी अडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये अभ्यासक्रमाच्या वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील पाठांतून मिळविण्याची मुभा दिली; २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्के झाली. हेतू चांगला आहे. पण ज्या महाविद्यालयात राज्यशास्त्राची जागा रिकामी आहे आणि तासिका तत्त्वावरील एखादा तरुण तीन वर्गांचे ओझे वाहतो आहे, तेथे ही मुभा जागा न भरण्याचे निमित्त ठरण्याचा धोका उघड आहे. ध्वनिचित्रित व्याख्यान कितीही उत्तम असो, मागच्या बाकावरून आलेली शंका त्याला ऐकू येत नाही.

अभ्यास मंडळाला एक गोष्ट मात्र नव्या पैशावाचून करता येईल. प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न सक्तीचा असावा: मूळ अहवालातील वा चर्चेतील एक उतारा मराठी अनुवादासह छापावा आणि त्यावर मत मागवावे. त्याचे तयार उत्तर गाईडला आधी छापता येणार नाही. अनुवाद कोण करणार, असे विचारले जाईल. विदर्भावरील प्रकरण काही फार मोठे नाही. दोन प्राध्यापक आणि एम.ए.चे पाच-सहा विद्यार्थी बसले तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मराठीत येईल, आणि एकदा महाजालावर ठेवले की गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत कोणालाही वाचता येईल.