दागिन्याचा फासा कसा असावा?

‘अलंकार’ शब्दातील ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. जो दागिना घालण्यास नित्य दुसऱ्याचे हात लागतात, तो या अर्थाने अपुराच, असे आम्हांस वाटते. पूर्वी मानेमागचा फासा लावून देण्यास सून, नात जवळ असे. आता आमच्या नगर जिल्ह्यातील कित्येक घरांची मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहतात, आणि सांधे आखडलेल्या आजींची ठुशी पेटीतच पडून राहते.

तेव्हा सराफाकडे जाताना फाशाचाही विचार करावा. बारीक मळसूत्राची फिरकी भक्कम खरी. परंतु आखडलेल्या बोटांस ती आवरत नाही. ठुशीस सरकत्या गोंड्याचा दोरा उत्तम. तो पुरेसा लांब ठेविल्यास ठुशी डोक्यावरून घालता येते. साखळीस मोठा आकडा व रुंद कडी असावी. २२ कॅरटच्या सोन्यात हजारी ९१६ भाग शुद्ध सोने असल्याने ते मऊ असते. आकडा हळूहळू उघडतो व दागिना गळून पडतो. म्हणून तो वरचेवर तपासून घ्यावा. लोहचुंबकाचा फासा सर्वांत सुलभ. तथापि छातीत पेसमेकर बसविलेल्यांनी तो टाळावा.

मोल ठरविण्यापूर्वी आजींनी स्वतः, आरशाविना, फासा तीनदा लावून व काढून पाहावा. जमला तरच पुढील बोलणे करावे.