ही गुठळी कुणाची?

सकाळचे नऊ वाजलेत. ढेबेवाडी फाट्याजवळच्या या लहानशा लॅबच्या खिडकीतून आगाशिवाचा डोंगर दिसतो आणि हायवेवरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज आत येतो. इन्क्युबेटरवर ३७ अंश. काउंटरपाशी एक काका उभे आहेत. ऊसतोडीत त्यांच्या मुलाच्या पायाला कोयता लागला, जखम चिघळली. परवा दिलेल्या पूमधून ब्लड अगारवर सोनेरी वसाहती उगवल्या आहेत.

"ताई, रिपोर्ट कधी मिळंल?"

"वसाहती आल्यात काका. आता त्या कुठल्या जंतूच्या, ते बघतोय. दुपारपर्यंत थांबा."

लॅबच्या मॅडम सशाचा प्लाझ्मा सलाइनमध्ये सहापट पातळ करतात, त्यात वसाहत मिसळतात आणि नळी इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. सोबत दोन कंट्रोल आहेत: गुठळी नक्की करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि कधीच न करणारा एपिडर्मिडिस. दर तासाला नळ्या पाहायच्या. तोवर डीएमएलटीच्या दोन मुलींसमोर त्या कालपासून ठेवलेल्या चार नळ्यांचा रॅक मांडतात.

पहिली नळी तिरकी होते, आतला गोळा जागचा हलत नाही. "हा ऑरियस?" एक मुलगी विचारते.

"नाही, एन्टेरोकोकस. प्लाझ्मा सायट्रेटचा होता."

दोघी गप्प होतात. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून प्लाझ्मा पातळ राहतो. पण काही जंतू सायट्रेटच खाऊन टाकतात. कॅल्शियम मोकळं होतं आणि प्लाझ्मा आपला आपण गोठतो. ही चाचणी जे शोधते त्या कोॲग्युलेजचा, म्हणजे जंतूच्या प्लाझ्मा गोठवणाऱ्या प्रथिनाचा, त्यात काही हात नसतो. एकटा एन्टेरोकोकस कॅटलेज चाचणीतच वेगळा पडतो, पण वसाहत मिसळलेली असेल तर फसगत होते.

दुसऱ्या नळीत तोच जंतू, प्लाझ्मा मात्र इडीटीएचा. द्रव पाण्यासारखा वाहतो. इडीटीए जंतूंना असं खाता येत नाही. शिवाय काही जंतूंची प्रथिनं तोडणारी एन्झाइम धातूच्या आयनांवर चालतात. प्रोथ्रोम्बिन कापून तीही प्लाझ्मा गोठवू शकतात. इडीटीए ते आयन काढून घेतं, म्हणून ती एन्झाइम थंडावतात.

"मग ऑरियसचं कोॲग्युलेज का थंडावत नाही?"

मॅडम खुलतात. या प्रश्नाचीच त्या वाट पाहत होत्या. रक्त एरवी गोठतं तेव्हा प्रोथ्रोम्बिन कापलं जातं आणि त्याला कॅल्शियम लागतं. ऑरियसचं कोॲग्युलेज काहीच कापत नाही. ते प्रोथ्रोम्बिनला चिकटतं आणि आपलं टोक त्याच्या खाचेत घुसवून त्याला जागं करतं. २००३ मध्ये या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा ही क्लृप्ती अणूंच्या पातळीवर दिसली. या जोडीला स्टॅफिलोथ्रोम्बिन म्हणतात. ते फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं आणि कॅल्शियमवाचून त्याचं काही अडत नाही.

तिसरी नळी ऑरियसची. तिच्यात हेपारिन आहे, तरीही गुठळी घट्ट. हेपारिन अँटिथ्रोम्बिनच्या मदतीने थ्रोम्बिनला रोखतं, पण कोॲग्युलेज बिलगलेल्या रूपावर अँटिथ्रोम्बिनची पकड बसत नाही. दाबिगाट्रान मात्र थेट कार्यस्थळात बसतं आणि स्टॅफिलोथ्रोम्बिनलाही अडवतं. "म्हणून पेशंटचा उरलेला प्लाझ्मा या चाचणीला कधीच घ्यायचा नाही," मॅडम बजावतात. "त्यात कुठलं औषध, कुठल्या अँटिबॉडी आहेत, आपल्याला काय माहीत?"

चौथी नळी पातळ आहे. हाही ऑरियसच. काल चार तासांनी गुठळी होती, रात्रभर ३७ अंशांत राहिली आणि विरघळली. याच जंतूचं स्टॅफिलोकायनेज प्लाझ्मातल्या प्लास्मिनोजेनला कामाला लावतं आणि झालेलं फायब्रिन तोडतं. फक्त सकाळी पाहणाऱ्याने हिला निगेटिव्ह म्हटलं असतं. म्हणून चार तासांपर्यंतचं वाचन चुकवायचं नाही, आणि रात्रभर ठेवायची वेळ आलीच तर नळी खोलीच्या तापमानाला ठेवायची.

बारा वाजतात. काकांच्या मुलाची नळी मॅडम न हलवता अलगद तिरकी करतात. खालचा अर्धा भाग जेलीसारखा धरला आहे. कंट्रोल दोन्ही बरोबर आहेत. सेफॉक्सिटिनची चकती लावलेली प्लेटही त्या तपासायला घेतात. हा औषधाला न जुमानणारा ऑरियस, म्हणजे एमआरएसए, आहे का, ते तिच्यावरून कळणार.

एक मुलगी रजिस्टरमध्ये ‘पॉझिटिव्ह’ लिहून पेन मिटते. मॅडम पेन पुन्हा उघडायला लावतात. सशाचा प्लाझ्मा, इडीटीए, तिसरा तास, कंट्रोल योग्य. मला हा आग्रह फार मोलाचा वाटतो. प्लाझ्मा अनेक कारणांनी गोठतो आणि अनेक कारणांनी विरघळतो. नळीत काय रोखलं आणि काय मोकळं ठेवलं याची नोंद असेल, तरच त्या पोराला औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना या एका शब्दावर भरवसा ठेवता येईल.