पेशीच्या वेशीवरील शंभर वर्षे

एकोणिसावे शतक मावळत असता झुरिच येथे अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी शेकडो द्रव्ये जिवंत पेशींवर पारखून, जे द्रव्य तेलात सहज विरघळते तेच पेशीतही सहज शिरते, असा निष्कर्ष १८९९ साली मांडला, आणि पेशीभोवतीचे पटल मेदमय असावे या कल्पनेस भक्कम आधार लाभला. १९२५ साली लायडन येथे गोर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतील मेद पाण्यावर पसरून हे पटल दुपदरी असल्याचे दाखविले. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, परंतु त्यांनी परस्परांस छेद दिला आणि निष्कर्ष अबाधित राहिला.

प्राणवायूला, कर्बवायूला व मद्यार्काला या मेदातून जाण्याची मुभा आहे. साखर आणि क्षार यांना मात्र मज्जाव, आणि तरीही त्यांवाचून पेशी जगत नाही. या कोड्याच्या उकलीचा आरंभ १९५७ साली आऱ्हूस येथे येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूवर केला. पेशीची ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर घालविणारे व पोटॅशियम आत घेणारे प्रथिन त्यांना सापडले. दर फेरीस तीन कण बाहेर, दोन आत, असा त्याचा शिरस्ता पुढे निष्पन्न झाला. आत सोडियमचा असा तुटवडा राखला गेल्यामुळेच बाहेरचे सोडियम सदैव आत येऊ पाहते, आणि आतड्याच्या पेशीत शिरताना ते ग्लुकोजलाही सोबत नेते, ही उपपत्ती रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. पाण्याच्या स्वतंत्र वाहिन्या पीटर ॲग्रे यांनी १९९२ साली सिद्ध केल्या व २००३ साली ते नोबेलचे मानकरी झाले. तथापि या साऱ्या शतकाचे थोर फळ मी क्रेन यांच्या उपपत्तीसच मानतो.

कारण पटकीचे विष आतड्यातून पाण्याचा लोंढा वाहवीत असतानाही सोडियम-ग्लुकोजची ही वाट शाबूत राहते, आणि त्या दोहोंमागोमाग पाणीही शरीरात परतते. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांच्या आप्तांकरवीच पाजण्याची तजवीज केली. शेकडा तिसाच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्याही खाली उतरले.

जुलाब लागलेल्या मुलास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजीत राहावे, आणि वैद्याकडे नेईपर्यंतही ते थांबवू नये.