पेणकर आणि रोहेकर : दोन गावांची दोन आडनावे



आडनावांची चौकशी आपल्याकडे बहुधा दोन प्रसंगी होते. एक लग्नाच्या बैठकीत आणि दुसरी आगगाडीच्या डब्यात. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न 'आपण कुठले?' असाच असतो. उत्तरादाखल समोरच्याने नुसते आडनाव सांगितले तरी पुष्कळदा गाव आपोआप कळते, कारण गावच त्या आडनावात बसलेले असते. आजच्या व्याख्यानाला मी अशी दोन आडनावे घेतली आहेत : पेणकर आणि रोहेकर. ही दोन्ही गावे आपल्या पायाखालची आहेत. आडनावे मात्र आज आपल्या आळीत क्वचित ऐकू येतात. ती कशी पडली, त्यांचा अर्थ काय, आणि ती कुठे कुठे जाऊन राहिली, हे क्रमाने पाहू.

प्रथम एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोद्यास झाला. त्यांचे आडनाव भावे. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यास जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणेही रोह्याचेच. या तिघांत कोणीही गागोदेकर नाही किंवा रोहेकर नाही. याचे कारण सरळ आहे. पेणेत राहणाऱ्याला पेणकर म्हणून ओळख पटत नाही, कारण तिथे सगळेच पेणकर असतात. गावात माणसाची ओळख धंद्यावरून, वतनावरून, आळीवरून किंवा बापाच्या नावावरून होते. गाव सोडून तो चार कोस दूर गेला म्हणजे मात्र तिथले लोक त्याला 'पेणेहून आलेला तो' म्हणू लागतात. सारांश, 'कर' लागलेले आडनाव हा गाव सोडल्याचा दाखला आहे. पेणकर हे नाव पेणेत जन्मले नाही, ते पेणेच्या वेशीबाहेर जन्मले.

आता या नावांचा अर्थ. 'पेणे' हा जुना मराठी शब्द आहे. वाटचालीतील मुक्काम, टप्पा, असा त्याचा अर्थ आहे. घाटावरून उतरणारा माल भोगावतीच्या काठी अंतोऱ्याच्या बंदराकडे जाई, तेव्हा वाटेत विसाव्याला हे ठिकाण होते. म्हणून गावाचे नाव त्याच शब्दावरून आले असावे असा तर्क सहज सुचतो. तर्क म्हणूनच तो घ्यावा. रोह्याचे पाहिले तर जुन्या लिखाणात आणि बोलण्यात 'रोहे' असे रूप आढळते. कुंडलिकेच्या पलीकडच्या अष्टमीसह 'रोहे-अष्टमी' असे जोडनावही आपण ऐकतो. पुण्याचा पुणेकर, ठाण्याचा ठाणेकर, तसा रोह्याचा रोहेकर. कोणी म्हणेल, 'रोहा' पासूनही 'रोहेकर' होईल, कारण गोव्याचा गोवेकर होतोच. ते खरे आहे. नुसत्या आडनावावरून मूळ रूप 'रोहा' की 'रोहे' हा निकाल लागत नाही. आडनाव हा साक्षीदार उपयोगी, पण त्याला न विचारलेले प्रश्न त्याच्याकडून वदवून घेऊ नयेत.

ही दोन आडनावे प्रामुख्याने ज्या समाजात टिकली तो म्हणजे बेने इस्रायल, आपल्या कोकणातील मराठी बोलणारा यहुदी समाज. आपले वाडवडील त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घाणा चालवून तेल काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्या परंपरेचे स्मारक नवगावला आहे. केव्हा आले, कुठून आले, यावर विद्वानांत एकमत नाही. परंतु ते शेकडो वर्षे येथले होऊन राहिले, येथलीच भाषा बोलले, येथलाच वेष ल्याले, यात मतभेद नाही.

आता या धंद्याचा आणि आडनावाचा संबंध पाहा. एका लहान खेड्याला किती घाणे लागणार? एक, फार तर दोन. म्हणून तेल्याची घरे एका ठिकाणी दाटीने राहू शकत नाहीत. ती गावोगाव विखुरतात. पेणेस थोडी, रोह्यास थोडी, वाकरूळला एखादे, अष्टमीस, किहीमला, झिराडला, चौलला, अशी ती पसरली. सण, लग्न, सुंता यांच्या निमित्ताने सारे एकत्र जमत तेव्हा दुसरी अडचण उभी राही. या समाजातली पुरुषांची नावे मोजकी आणि धर्मग्रंथातली. ती मराठी वळणाने उच्चारली जात : शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. मांडवात पाच समाजी बसलेले असले तर कोणता समाजी हे कसे सांगावे? गाव सांगून. किहीमचा तो केहीमकर, दिव्याचा तो दिवेकर, अष्टमीचा तो अष्टमकर, वाकरूळचा तो वाकरूळकर, पेणेचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर. या समाजातील अशी ग्रामनामे शंभरावर भरतात. ती सारी नकाशावर टिंबांनी मांडली तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो त्या जिल्ह्याचा, बराचसा किनारा आणि खाड्यांचा प्रदेश डोळ्यांपुढे उभा राहतो.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. पोलंडमध्ये 'स्की' हा प्रत्यय आपल्या 'कर' सारखेच काम करतो. वर्शाव्स्की म्हणजे वॉर्साचा, क्राकोव्स्की म्हणजे क्राकोचा. तेथील यहुद्यांतही अशी आडनावे विपुल आहेत. परंतु एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युरोपात पुष्कळ ठिकाणी यहुद्यांना आडनाव सरकारी हुकुमाने घ्यावे लागले. ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या योसेफाने १७८७ साली तसे फर्मान काढले, तर फ्रान्समध्ये नेपोलियनने १८०८ साली. आपल्या कोकणात असे फर्मान कोणी काढले नाही. पेणकराला पेणकर हे नाव शेजाऱ्यांनी दिले, शेजाऱ्यांच्याच भाषेत दिले, आणि शेजारच्या हिंदूला किंवा मुसलमानाला ज्या रीतीने दिले त्याच रीतीने दिले.

म्हणूनच आडनावावरून जात किंवा धर्म ओळखण्याचा उद्योग येथे फसतो. दिवेकर बेने इस्रायलांत आहेत आणि ब्राह्मणांतही आहेत. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली 'कर'वाली आडनावे आहेत. 'कर' एवढेच सांगतो की या घराण्याचा कोणी पूर्वज त्या गावाहून निघाला. त्याचे रक्त कोणते, दैवत कोणते, हे तो सांगत नाही. शिवाय एका नावाची गावे अनेक असतात, हेही विसरू नये.

आता ही आडनावे विरळ का? पहिले कारण हिशेबाचे आहे. फ्रान्सिस गाल्टन आणि वॉटसन या दोघा इंग्रजांनी १८७४ साली या प्रश्नाचे गणित मांडले. आडनाव केवळ मुलग्याकडून पुढे जाते. ज्या नावाची घरे मुळातच दोनचार, त्यांत एखाद्या पिढीत मुली तेवढ्या झाल्या किंवा मूलच झाले नाही, की ते नाव संपते. मोठ्या कुळाला असा एखादा धक्का जाणवत नाही. एका घाण्याच्या घराला तो पुरतो. वंश संपत नाही, लेकींची लेकरे नांदत असतात, पण ती दुसऱ्या गावाच्या नावाने.

दुसरे कारण कचेरीचे. अठराव्या शतकापासून बेने इस्रायल मंडळी मुंबईस जाऊन कंपनीच्या पलटणीत भरती होऊ लागली. त्यांतला समाजी हसाजी दिवेकर याने १७९६ साली मुंबईस त्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. पलटणीच्या हजेरीपटात आणि पुढे शाळा-कचेऱ्यांच्या दप्तरात स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर काम भागे. समाजी हसाजीचा झाला सॅम्युएल एझिकिएल. दिवेकर मागे पडले. मुंबईचे १९३७-३८ चे महापौर डॉ. एलिजा मोझेस यांचे आडनाव राजपूरकर होते, पण त्यांच्या नावाच्या रस्त्यावरची पाटी वाचून ते कोणाला कळणार? कवी निसीम एझिकिएल यांचे घराणे तळकरांचे, हेही थोड्यांनाच माहीत असते. डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावात गाव राहिले, 'कर' गळला. उलट हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपले गावनाव जपले, आणि आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. त्यांच्या हयातीत तो छापून निघाला नाही. १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

नोकरी जिकडे नेईल तिकडे नावे गेली. पलटण, रेल्वे, पोस्ट, दवाखाने यांच्याबरोबर ती पुणे, ठाणे, अहमदाबाद येथे पोचली. कराचीस १८९३ साली जे यहुदी प्रार्थनामंदिर उभे राहिले ते शलोमोन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधले. ते १९८८ साली पाडले गेले. सिंधच्या किनाऱ्यावर एका 'कर'ची खूण जवळजवळ शतकभर उभी होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

१९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत या समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. तेथे त्यांना सुखासुखी स्वीकारले गेले नाही. विवाहाच्या बाबतीत काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली. त्यावर या लोकांनी चळवळ केली, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केले. ज्या समाजाने परक्या मुलखात शतकानुशतके शनिवार पाळला, त्याला 'घरी' गेल्यावर पुरावा द्यावा लागला! आज दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या नगरांत त्यांची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी सुमारे साडेचार हजार भरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

त्या दूरच्या नगरांत पेणकर या नावाचे काय होते ते पाहा. रोमन लिपीत 'ण' चा 'न' होतो. इंग्रजी जाणणाऱ्याला ते लेखण्या तयार करणाऱ्याचे नाव वाटावे! हिब्रू लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत. तेथे चार अक्षरे उरतात, आणि ठाऊक नसलेला मनुष्य ती पिनकर, पनकर अशी कशीही वाचील. काहींनी नव्या देशात जुनी नावे टाकून हिब्रू नावे घेतली, तर काहींची कचेरीतच बदलली. ज्या घराने 'पेणकर' टिकवले त्याच्याजवळ मात्र एक किल्ली राहिली. नातवाला पेण ठाऊक नसेल, मराठीही चार शब्दांपलीकडे येत नसेल, परंतु आजोबा कुठले हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. जमीन नाही, घर नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. गावाशी नाते सांगणारा तेवढाच कागद, आणि तो स्वतःच्या नावात लिहिलेला.

या बाबतीत आपल्या हातात काही आहे काय? आहे, असे मला वाटते. पेणेस एकोणिसाव्या शतकात बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. जिल्ह्यात ठिकठिकाणी त्यांच्या दफनभूमी आहेत, आणि काही थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठीतही नावे कोरलेली आहेत. पाऊस आणि खारा वारा दगडाची अक्षरे दरवर्षी थोडी थोडी पुसतो. जुन्या शाळांच्या दाखलपुस्तकांतही ही आडनावे शोधण्याजोगी आहेत. या नोंदी वाचून, जशा आहेत तशा देवनागरीत, 'ण' चा 'ण' ठेवून, एका वहीत उतरवून घेणे हे कोणत्याही वाचनालयाला किंवा हायस्कुलातल्या दहा विद्यार्थ्यांना एका सुट्टीत जमण्यासारखे काम आहे. गाव, आडनाव, बापाचे नाव, साल, एवढे चार रकाने पुरेत. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, चिकाटी लागते.

आणि कधी एखादे परदेशी दिसणारे कुटुंब एस. टी. स्टँडवर उतरून मोडक्या मराठीत 'आम्ही रोहेकर' असे म्हणाले, तर त्यांना हॉटेलची वाट दाखवून मोकळे होऊ नका. ते जे नाव सांगत आहेत ते आपल्या वाडवडिलांनी ठेवलेले आहे. तेल्याची आळी कुठे होती, घाणा कोणत्या बाजूस होता, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून हयात असतील तर त्यांच्याकडे त्यांना घेऊन जा. पेणेचा पेणकर आणि रोह्याचा रोहेकर यांना गावाकडून एवढी ओळख मिळाली पाहिजे.