गुरुजींची बदली होते, तेव्हा

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. पिंपळगाव राजा असो की खामगाव तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, जीव लावणाऱ्या शिक्षकांची बदली झाली की काय होतं? शाल-श्रीफळ होतं, मुलं रडतात. मग नवे सर येतात आणि त्यांना सारखं ऐकावं लागतं, "आधीचे सर असं शिकवत नव्हते." एखादा मुलगा तर सर गेले म्हणून गणितच सोडून देतो. आता याला प्रेम म्हणायचं की विभूतिपूजा?

बाबासाहेब आंबेडकरांनी हा फरक मांडलाय. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात. त्यांच्या मांडणीचा आशय असा: मोठ्या माणसाबद्दल अपार आदर वाटणं ही एक गोष्ट, त्यात आपली बुद्धी शाबूत राहते. तो सांगेल ते डोळे झाकून मानणं ही दुसरी. त्यात बुद्धी गहाण पडते.

बरं, त्यांचे स्वतःचे गुरू? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ शिकले, तिथे जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी ड्यूईंचं ऋण उघड मान्य केलं. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा विचार ड्यूईंचा. पण तो आपल्या जातिव्यवस्थेला लावून पाहिला बाबासाहेबांनी. ड्यूई संघटित धर्मापासून दूर राहिले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. म्हणजे बघा, वाट वेगळी झाली, तरी कृतज्ञता आटली नाही.

जून १९५२मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला गेले. ड्यूईंना भेटायची ओढ होती. पण १ जूनला ड्यूई वारले. भेट राहून गेली. शिकवण मात्र गुरूच्या हजेरीवर अवलंबून राहिली नव्हती.

म्हणून आम्ही पालकांना एवढंच सुचवू: मुलाला रडू द्या, सरांना फोनही लावून द्या. मग शांतपणे विचारा, "सरांनी तुला काय करायला शिकवलं?" तो म्हणाला, "अडलं की विचारायचं", तर उद्या नव्या सरांच्या तासाला त्याने हात वर केला पाहिजे.