जनसंपर्क आणि कपाशीची १२० ग्रॅमची पुडी

कृषी संस्थांमध्ये 'जनसंपर्क' हा शब्द बहुधा प्रसिद्धी या अर्थाने वापरला जातो. मेळावा झाला, घडीपत्रिका वाटल्या, वृत्तपत्रात छायाचित्र आले, की काम झाले असे मानले जाते. परंतु प्रसिद्धी एकाच दिशेने वाहते. जनसंपर्कात लोकांकडून येणारे ऐकून संस्थेने स्वतःची रीत बदलणेही अभिप्रेत आहे. अमेरिकेत १९०६ मध्ये आयव्ही ली यांनी वृत्तपत्रांना अचूक माहिती उघडपणे देण्याची हमी जाहीर केली, तेव्हापासून या व्यवसायाला तत्त्वांची भाषा मिळाली. (ली त्या वेळी कोळसा खाणमालकांचे काम करीत होते, हेही ध्यानात ठेवावे.)

दोन्हींतील अंतर बीटी कपाशीने दाखवून दिले. २००२ मध्ये या वाणांना परवानगी मिळाली आणि 'बोंडअळीची चिंता मिटली' हा संदेश गावोगाव पोहोचला. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे. तिचे प्रयोजन मात्र पोहोचले नाही. बिगर-बीटी झाडांवर वाढलेले संवेदनक्षम पतंग बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी संकर करतात, त्यामुळे अळीत प्रतिकारशक्ती सावकाश पसरते. अळीसाठी मुद्दाम झाडे का राखायची, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पाकिटावरील सूचनेत मावणारे नव्हते. बहुतांश शेतांत ती पुडी पेरलीच गेली नाही. गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटी जनुकाला दाद न दिल्याचे २०१० मध्ये बियाणे कंपनीनेच मान्य केले. पुढे दोन जनुकांचे वाणही अपुरे पडले आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे मोठे नुकसान झाले. पुडी न पेरणे हे त्याचे एकमेव कारण नव्हे. लांबलेला हंगाम आणि फरदड यांचाही त्यात वाटा होता.

उलट दिशेचा प्रवाह 'क्रॉपसॅप'मध्ये दिसतो. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्रात २००९-१० पासून हा प्रकल्प सुरू झाला. शेतातील कीड-निरीक्षणे आधी वर जातात, सल्ला त्यानंतर खाली येतो.

विस्तार कार्यकर्त्यांना हेच सूत्र गावपातळीवर वापरता येते. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिसापळा आठ पतंग आढळले, की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजतात. हा आकडा फलकावर लिहिणे ही प्रसिद्धी. डोमकळी दिसल्याचे शेतकऱ्याने कळवल्यावर शेत पाहून त्याच आठवड्यात उत्तर देणे, हा जनसंपर्क. मासिक अहवालात मेळाव्यांच्या संख्येशेजारी अशा उत्तरांसाठीही एक रकाना ठेवावा.